थांबायचं, पण कुठवर? ठाण्याच्या आयसीयूतलं लेप्टोचं एक प्रकरण

लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो, हा उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग. पेशंट पुरुष, वय ४१, वजन ६२ किलो, धंदा रिक्षाचा, राहणार कळव्याच्या पुढे विटाव्यात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. जुलैचा शेवटचा आठवडा होता. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की रिक्षा बंद पडते आणि उतरून ढकलावी लागते. यांनीही ती पोटरीभर पाण्यातून ढकलली होती. हे पत्नीने सांगितलं, तेही आम्ही खोदून विचारल्यावर. आपणहून कुणी सांगत नाही, कारण आपल्याकडे पावसाळ्यात पाण्यात उतरणं ही सांगण्यासारखी गोष्टच राहिलेली नाही.

त्यानंतर साधारण दहा दिवसांनी ताप आला. थंडी वाजून, अंग मोडून, आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की संडासला जाताना भिंत धरावी लागे. जवळच्या दवाखान्यात तापाचं औषध आणि डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मिळालं, सोबत त्याच्याच गोळ्या. ताप थोडा उतरला, पण पाचव्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागले आणि दम लागायला लागला, तेव्हा मेव्हण्याने रिक्षात घालून आमच्याकडे आणलं.

कॅज्युअल्टीत नाडी ११२, रक्तदाब ९२/५८, श्वास मिनिटाला २८. डोळ्यांचं पांढरं एकाच वेळी पिवळं आणि लाल होतं. चिपडं नाहीत, पाणी नाही, फक्त रक्ताने भरलेलं. ज्याने हा रंग एकदा पाहिला, तो पुढे लांबूनही ओळखतो. पोटरी नुसती दाबली तरी पेशंट कळवळत होता.

तपासण्या आल्या. क्रिएटिनिन ३.४, युरिया ११८ (दोन्ही किडनीने बाहेर टाकायचा कचरा), पोटॅशियम ३.१, बिलिरुबिन ९.६, एसजीओटी ९६, एसजीपीटी ७४, प्लेटलेट ४८ हजार, पांढऱ्या पेशी १६,८००, सीपीके (स्नायूंना इजा झाल्याची खूण) १,९००. मलेरिया आणि डेंग्यू निगेटिव्ह. यात दोन आकडे बघणाऱ्याला थबकवतात. बिलिरुबिन साडेनऊच्या वर आणि लिव्हरची एन्झाइम्स जेमतेम वाढलेली. साध्या काविळीत एसजीपीटी हजारात जातं, तसं इथे काहीच नाही. आणि किडनी एवढी बिघडलेली असताना पोटॅशियम वाढायच्या ऐवजी घसरलेलं. त्यात भर म्हणजे कॅथेटर घातल्यावर पहिल्या तासातच ७० मिली लघवी.

लेप्टोस्पायरोसिसचं निदान कागदावर व्हायला पुढे तीन दिवस लागले. आयजीएम ही अँटिबॉडीची तपासणी, ती पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते आणि इथे आलीच. आठव्या दिवसाची पॉझिटिव्ह निघाली. पण उपचार कागदासाठी थांबत नाहीत. सेफ्ट्रियाक्झोन हे अँटिबायोटिक कॅज्युअल्टीतच सुरू झालं, डायक्लोफिनॅक बंद झालं, साध्या सलाइनऐवजी रिंगर लॅक्टेट लावलं आणि रक्तदाबासाठी नॉरअ‍ॅड्रेनालिनचा बारीक डोस चालू केला. इथपर्यंत मतभेदाला जागा नव्हती. मतभेद झाला तो डायलिसिसवर, आणि हे लिहिण्याचं कारण तोच आहे.

लघवी होत असलेली किडनी

नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘लघवी होतेय ना?’ होतेय म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. खरं सांगायचं तर नव्या डॉक्टरांचाही पडतो. लेप्टोमध्ये हा दिलासा फसवा असतो.

लेप्टोस्पायरा रक्तातून किडनीत शिरतो आणि नलिकांच्या सुरुवातीच्या भागात ठाण मांडतो. गाळलेल्या पाण्यातलं बहुतेक सोडियम एरवी तिथेच परत शोषलं जातं. ते काम मंदावलं की सोडियम आणि पाणी पुढे वाहून जातं. पुढचा भाग ते सोडियम धरून ठेवायला धडपडतो आणि त्या बदल्यात पोटॅशियम सोडून देतो. शिवाय लघवी घट्ट करण्याची यंत्रणा व्हासोप्रेसिन या हार्मोनला नीट दाद देत नाही. परिणाम असा की लघवी भरपूर, पोटॅशियम कमी, पण रक्तातला कचरा तसाच. ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या डॉक्टरांनी हे चित्र फार पूर्वीच नीट मांडलेलं आहे. डायक्लोफिनॅकने त्यात तेल ओतलं: रक्तदाब उतरलेला असताना किडनीकडे जाणारी धमनी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन करतात, आणि ही गोळी नेमकं तेच थांबवते.

केडिगो या किडनीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक गटाच्या २०१२ च्या व्याख्येप्रमाणे क्रिएटिनिन मूळ पातळीच्या तिप्पट झालं की किडनीच्या तीव्र बिघाडाचा तिसरा, म्हणजे सर्वांत गंभीर टप्पा. यांचं मूळ क्रिएटिनिन किती होतं? कुणाला माहीत नाही. चाळिशीतल्या रिक्षाचालकाने आजवर क्रिएटिनिन कशाला करून घेतलं असेल? एकच्या आसपास असावं असं धरून आम्ही तिसरा टप्पा लिहिला. या ‘धरून’वर पुढे पुन्हा यायचं आहे.

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन ४.६. तिसऱ्या दिवशी सकाळी ५.८, युरिया १९६. लघवी चोवीस तासांत २,१०० मिली. पोटॅशियम भरून भरून ३.३ वर आणलेलं. पीएच ७.३१, बायकार्बोनेट १७, म्हणजे रक्त थोडं आम्लाकडे झुकलेलं.

मॅडम

आमच्या नेफ्रॉलॉजिस्ट मॅडम २६ जुलै २००५ नंतरच्या ऑगस्टमध्ये इंटर्न होत्या. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. पूर ओसरल्यावर लेप्टोची जी लाट आली ती वॉर्डांतल्या लोकांनी पाहिली. पिवळेधमक तरुण येत होते आणि काही जण रक्ताची उलटी नव्हे, रक्ताचा खोकला होऊन जात होते. किडनीचा विषय घ्यायचा हे मॅडमनी तिथेच ठरवलं. एमडीचा प्रबंध पावसाळ्यातल्या तीव्र किडनी आजारावर, डीएमचाही जवळपास त्यावरच. छापलेले पेपर मोजके आहेत. दिवसभर ओपीडी, संध्याकाळी डायलिसिस युनिट, रात्री आयसीयूचे फोन, यातून संशोधनाला जो वेळ उरतो तो रविवारचा. खासगी सेवेतल्या डॉक्टरचं संशोधन म्हणजे बहुतांशी एक वही असते, आणि मॅडमची वही मोठी आहे.

त्यांचा आदर्श विचारला तर त्या चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉ. कीर्पालसिंग चुघ यांचं नाव घेतात. भारतातल्या नेफ्रॉलॉजीचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. सर्पदंश, मोरचुदाची विषबाधा, बाळंतपणातल्या गुंतागुंती, जुलाब यांनी बंद पडणाऱ्या किडन्यांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. पाश्चात्त्य पुस्तकातला किडनीचा पेशंट म्हातारा, मधुमेही, हृदयाच्या ऑपरेशननंतरचा. आपला तरुण, कमावता, काल-परवापर्यंत धडधाकट. दोघांची लॅबची शीट सारखी दिसते, आजार सारखा नसतो.

मॅडमच्या वहीतला सर्वांत जुना प्रश्न एकच: डायलिसिसचं मशीन केव्हा लावायचं? कसं लावायचं, किती वेळ चालवायचं, हे त्यामानाने सुटलेलं आहे. ‘केव्हा’ने मात्र जगभरच्या डॉक्टरांची करिअर खाल्ली आहेत. २०१६ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन उत्तरं आली आणि ती एकमेकांच्या विरोधात होती. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या एकाच केंद्रातला २३१ रुग्णांचा एलेन अभ्यास म्हणाला, लवकर लावा: ९० दिवसांतले मृत्यू ३९.३ टक्के, उशिरा लावलेल्यांत ५४.७. फ्रान्समधल्या ३१ आयसीयूंमधला ६२० रुग्णांचा अकिकी अभ्यास म्हणाला, फरक नाही: ६० दिवसांतले मृत्यू ४८.५ आणि ४९.७ टक्के. आणि वर, थांबलेल्या गटातल्या ४९ टक्के रुग्णांना मशीन कधी लागलंच नाही. २०१८ मध्ये सेप्टिक शॉकवरच्या आयडियल-आयसीयूनेही थांबण्याच्या बाजूनेच कौल दिला.

मग आला स्टार्ट-एकेआय. कॅनडातले नेफ्रॉलॉजिस्ट रॉन वाल्ड आणि इंटेन्सिव्हिस्ट शॉन बॅगशॉ यांनी आधी कॅनडातल्याच १२ आयसीयूंत १०१ रुग्णांवर चाचपणी केली, ती २०१५ मध्ये छापली, आणि मग १५ देशांतल्या १६८ रुग्णालयांत तीन हजारांवर रुग्ण घेतले. निकाल जुलै २०२० मध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत आला. ९० दिवसांतले मृत्यू लवकर गटात ४३.९ टक्के, थांबलेल्या गटात ४३.७. एका प्रश्नामागे इतकी वर्षं घालवून हाती ‘फरक नाही’ हे उत्तर येतं, आणि तेच फार मोलाचं असतं, हे संशोधनाबाहेरच्या माणसाला पटवणं कठीण आहे.

मॅडमनी मात्र ते तत्काळ अमलात आणलं. त्या वर्षापासून आमच्या आयसीयूत क्रिएटिनिनच्या आकड्याकडे बघून डायलिसिस लावणं बंद झालं. ‘आकड्याला मशीन लावू नका, माणसाला लावा,’ हे त्या राउंडवर इतक्यांदा म्हणाल्या आहेत की सिस्टरसुद्धा त्यांची नक्कल करतात.

तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ

साडेसहाच्या सुमारास पेशंट खोकला आणि रुमालावर लाल रेष आली. ऑक्सिजन सकाळी ४ लिटरवर निभत होता. आता हाय-फ्लो मशीनवर ६० टक्के देऊनही धमनीतल्या रक्तात ७८ चाच दाब. म्हणजे रक्तातला दाब भागिले दिलेला ऑक्सिजन (७८ भागिले ०.६), हे गुणोत्तर १३०. एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसांत कापसाचे पुंजके. प्लेटलेट ३८ हजारांवर. तीन दिवसांचा द्रवाचा हिशेब बघितला तर लघवी भरपूर होऊनही पेशंट साडेतीन लिटर जमेत होता. रक्तदाबासाठी सुरुवातीला दिलेलं पाणी, औषधांसोबत जाणारं पाणी, पोटॅशियम भरायला लागणारं पाणी. या शेवटच्या दोन्हींकडे सहसा कुणी बघत नाही.

आमचा रेसिडेंट मुलगा हुशार आहे. त्याने केस नीट सादर केली आणि शेवटी म्हणाला, “मॅडम, लघवी दोन लिटर, पोटॅशियम ३.३, पीएच ७.३१. फुप्फुसाचं आपण बघू, पण डायलिसिससाठी स्टार्टप्रमाणे थांबता येईल.”

मॅडमनी विचारलं, “स्टार्टमध्ये थांबलेल्या गटाला मशीन कधी लावायचं होतं? सांग बरं.”

त्याला पोटॅशियम आठवलं, ६ किंवा जास्त. पीएच आठवला, ७.२० किंवा कमी. पुढे गाडी अडली.

“आणि ऑक्सिजनचं गुणोत्तर २०० किंवा कमी, सोबत अंगात पाणी जास्त झाल्याची शंका,” त्या म्हणाल्या. “हा पेशंट थांबलेल्या गटात असता तरी आज रात्री त्याला मशीन लागलं असतं. ट्रायलने ‘थांबा’ सांगितलं तसं ‘कुठवर’ हेही सांगितलंय. ते पानही वाचायचं असतं, बाळा.”

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. मोठ्या अभ्यासाचा निकाल एका वाक्यात प्रवास करतो: ‘थांबलं तरी चालतं.’ त्या वाक्याला चिकटलेल्या अटी मूळ पेपरातच राहून जातात. स्टार्टच्या थांबलेल्या गटातल्याही ६१.८ टक्के लोकांना शेवटी मशीन लागलंच होतं. थांबणं म्हणजे नाकारणं नव्हतं. शिवाय ज्या रुग्णाबाबत डॉक्टरला खात्री होती की मशीन आत्ताच हवं, किंवा लावूच नये, त्याला मुळात अभ्यासात घेतलंच नव्हतं. म्हणजे तो अभ्यास संशयातल्या रुग्णांचा होता. संशय कुठे संपतो हे ठरवायचं काम पलंगाशेजारच्या डॉक्टरकडेच राहिलं.

लेप्टोमध्ये हे ठरवणं आणखी अवघड, कारण नेहमीच्या धोक्याच्या घंटा वाजतच नाहीत. पोटॅशियम वाढत नाही. लघवी थांबत नाही. घंटा वाजते ती छातीत, आणि वाजल्यावर हातात फार वेळ नसतो. रक्तवाहिन्यांचं अस्तर फाटल्यासारखं झिरपत असतं. त्यात प्लेटलेट कमी, आणि युरिया वाढलेला असल्यामुळे ज्या उरल्यात त्याही धड चिकटत नाहीत. आत पाणी जितकं जास्त, तितकं फुप्फुसात अधिक उतरतं.

मॅडमच्या वहीत याबद्दल एक जुना कागद होता. २००७ मध्ये साओ पाउलोच्याच एका आयसीयूने ३३ लेप्टोच्या रुग्णांचा अनुभव छापला. आधीच्या काळातल्या १५ जणांना डायलिसिस उशिरा सुरू झालं आणि एक दिवसाआड मिळालं. नंतरच्या १८ जणांना आल्याबरोबर आणि रोज. मृत्यू पहिल्या गटात ६६.७ टक्के, दुसऱ्यात १६.७. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण मॅडमनीच रेसिडेंटला त्याच्या खोडी सांगितल्या: एकच केंद्र, थोडे रुग्ण, चिठ्ठ्या टाकून वाटप नाही, आधीचा काळ विरुद्ध नंतरचा काळ. मधल्या वर्षांत व्हेंटिलेटर चालवण्याची पद्धतही सुधारली असेल, सिस्टरही तयार झाल्या असतील. केवळ या कागदावर विसंबून त्यांनी मशीन लावलं नसतं, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. स्टार्टची अट आणि साओ पाउलोचा अनुभव एकाच दिशेला बोट दाखवत होते, म्हणून लावलं.

“फुप्फुसात रक्त आहे की पाणी, ते आत्ता कळणार नाही,” मी म्हटलं.

“नाहीच कळणार. पण दोन्हींपैकी आपल्याला काढता येण्यासारखं एकच आहे,” त्या म्हणाल्या.

मेव्हण्याचा प्रश्न

आयसीयूच्या बाहेर पत्नी आणि मेव्हणा. मेव्हणा वागळे इस्टेटमध्ये कामाला, बोलणं तोच करत होता. मॅडमनी बसवून समजावलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, “मॅडम, एकदा डायलिसिस लावलं की मग ते सुटत नाही म्हणतात. आमच्या चाळीतल्या एका काकांचं नाही सुटलं. लघवी तर होतेय ना दाजींना?”

हा प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकतो की उत्तर तोंडपाठ असतं: नाही हो, तसं काही नसतं, ते काका वेगळे. बहुतेक डॉक्टर एवढ्यावर आटपतात. मॅडमनी आटपलं नाही. त्या म्हणाल्या, “दादा, तुमच्या काकांची किडनी हळूहळू कायमची गेली असणार, म्हणून मशीन राहिलं. दाजींची आठवड्यापूर्वी चांगली होती, ती परत यायची शक्यता भरपूर आहे. पण तुमची शंका अगदीच खोटी नाही. गरज नसताना घाईने लावलं तर थोड्या लोकांचं मशीन लांबतं, हे अभ्यासात दिसलंय. म्हणून तर दोन दिवस लावलं नाही. आता छातीसाठी लावायचंय.”

स्टार्ट-एकेआयमधला तो आकडा असा आहे: ९० दिवसांनी जिवंत असलेल्यांपैकी अजून डायलिसिसवर असलेले लवकर गटात १०.४ टक्के, थांबलेल्या गटात ६.० टक्के. चाळीतल्या समजुतीला तीन हजार रुग्णांच्या अभ्यासाचा असा अर्धामुर्धा दुजोरा मिळावा, ही गंमतच आहे. मशीनवर रक्तदाब पडतो तेव्हा बऱ्या होत चाललेल्या किडनीला पुन्हा मार बसतो, हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

पत्नी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एकच विचारलं, “ताई, पैसे किती?” त्यांना केशरी रेशन कार्ड घेऊन आरोग्यमित्राकडे पाठवलं; महात्मा फुले योजनेची मंजुरी यायच्या आत मशीन सुरू झालेलं होतं.

मशीन

प्लेटलेट दोन पिशव्या चढवून, सोनोग्राफीखाली, मांडीच्या शिरेत कॅथेटर घातला. मानेची शीर एरवी बरी, पण या पेशंटला सपाट झोपवणं शक्य नव्हतं आणि मांडीत रक्त आलं तर दाबून धरता येतं. स्लेड लावायचं ठरलं: नेहमीचं चार तासांचं जोरकस डायलिसिस नव्हे, तर रक्ताचा वेग १५० वर ठेवून सात तास संथपणे. रक्त गोठू न देणारं हेपरिन अजिबात नाही. नळ्या तुंबू नयेत म्हणून अधूनमधून सलाइन सोडायचं आणि ते हिशेबातून वजा करायचं.

खरी गंमत पोटॅशियमची. डायलिसिसच्या द्रावात साधारण २ पोटॅशियम असतं, कारण किडनीच्या पेशंटमधून ते काढायचंच असतं. इथे पेशंटचंच ३.३. तसंच मशीन लावलं असतं तर रात्री दोनला हृदयाचे ठोके चुकले असते. मॅडमनी लिहिलं, द्रावात ४. टेक्निशियनने ऑर्डर दोनदा वाचली, मग फोन केला, “मॅडम, चारच ना? वाढवायचंय?” कॅनमध्ये पोटॅशियम क्लोराइडचे अ‍ॅम्प्युल हिशेब करून फोडायचे, कॅनवर पेनाने मोठ्या अक्षरात ‘के ४, फक्त बेड ६’ लिहायचं, म्हणजे तो कॅन चुकून दुसऱ्या पेशंटला जाणार नाही. टेक्निशियन, सिस्टर आणि रेसिडेंट, तिघांनी सही केली. हे काम पुस्तकात एका ओळीत असतं, प्रत्यक्षात त्याला अर्धा तास लागला, आणि तो द्यायलाच हवा होता.

स्टेरॉइडचा विषय निघाला. लेप्टोच्या फुप्फुसातल्या रक्तस्रावात मिथाइलप्रेडनिसोलोन काही जण देतात. पुरावा तोकडा आहे. मॅडमचा कल नव्हता, माझा थोडा होता. दिलं नाही.

पहिल्या रात्री दीड लिटर काढलं. सकाळी ऑक्सिजन ६० वरून ५० टक्क्यांवर आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्लेड, तिसऱ्या दिवशी पुन्हा. खोकल्यातलं रक्त दुसऱ्या सत्रानंतर थांबलं. व्हेंटिलेटर लागला नाही. चार सत्रांनंतर मॅडमनी थांबून बघायचं ठरवलं आणि क्रिएटिनिन आपणहून उतरायला लागलं.

मग लघवीचा पूर आला: दिवसाला चार-साडेचार लिटर. बऱ्या होणाऱ्या किडनीचं हे नेहमीचंच, पण लेप्टोत ते जास्त. या काळात पेशंट बरा दिसतो आणि सगळे सैल होतात; पोटॅशियम आणि मॅग्नेशियम मात्र याच वेळी गळतात. दिवसातून दोनदा तपासणी आम्ही चालूच ठेवली. वॉर्डात पाठवताना क्रिएटिनिन २.६, घरी सोडताना १.७.

यातून सिद्ध काय झालं?

काहीही नाही, असं मॅडम म्हणतात, आणि मला ते मान्य आहे. मशीन लावलं नसतं तरी हा माणूस वाचला असता का? शक्य आहे. अँटिबायोटिक वेळेत मिळालं होतं, वय कमी होतं. एका पेशंटवरून ‘लावलं म्हणून वाचला’ म्हणणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला. आणि २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अकिकी-२ ने दाखवलं की थांबणं अजून लांबवलं तर फायदा तर नाहीच, उलट नुकसान होऊ शकतं. म्हणजे उजवीकडेही खड्डा, डावीकडेही.

मग लेप्टोपुरता वेगळा अभ्यास का करू नये? रेसिडेंटने हाच प्रश्न विचारला. त्याला प्रबंधाला विषय हवा होता. मॅडमनी त्याला हिशेब मांडायला लावला. समजा मृत्यू ४० टक्क्यांवरून ३० वर येतात का हे बघायचंय. नेहमीच्या निकषांनी, म्हणजे ८० टक्के ताकद आणि ५ टक्के चुकीची मुभा धरून, प्रत्येक गटात साधारण ३५६ रुग्ण लागतात. दोन्ही मिळून सातशेच्या वर. एवढे गंभीर लेप्टोचे रुग्ण ठाण्यातल्या एका आयसीयूत एका डॉक्टरच्या हयातीत येणार नाहीत. शिवाय फुप्फुसातून रक्त येत असलेल्या माणसाला चिठ्ठी टाकून ‘तुम्ही थांबा’ म्हणायचं कुणाच्या तोंडाने? डॉक्टरच्या मनात खरोखर दुमत असेल तरच चिठ्ठी टाकता येते.

तेव्हा मुलाने वेगळा प्रश्न घेतला, आणि माझ्या मते जास्त चांगला: पावसाळ्यात किडनी बिघडून आयसीयूतून घरी गेलेल्यांचं तीन महिन्यांनी काय होतं? केडिगो २०१२ पासून सांगतं की अशा प्रत्येकाला तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. कारण ‘तीव्र’ आणि ‘जुनाट’ हे किडनीचे दोन वेगळे आजार नसून एकातून दुसरा निघतो, हे आता सगळे मानतात. मानतात, पण बोलावून बघतं कोण? सॅन दिएगोचे डॉ. रवींद्र मेहता यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय नेफ्रॉलॉजी सोसायटीने ‘शून्य, २०२५ पर्यंत’ अशी मोहीम काढली होती: उपचाराअभावी तीव्र किडनी आजाराने कुणी मरू नये. साल उलटून गेलं. जीव वाचवण्याच्या टप्प्यावर ठाणे-नवी मुंबईसारख्या शहरांत बरंच जमलंय. पुढचा टप्पा, म्हणजे डिस्चार्ज कार्डवरची ‘फॉलो-अप’ ही ओळ, तिथे सगळं विरून जातं.

आमचे रिक्षावालेही आले नाहीत. फोन केला तर पत्नी म्हणाल्या, “आता बरे आहेत की ते, धंद्यावर जातात.” सकाळची पाळी बुडते, दिवसाचं रिक्षाचं भाडं अंगावर पडतं, हे त्यांनी सांगितलं नाही पण आम्हाला कळत होतं. मॅडमनी रविवारी या म्हटलं. आले.

ऑक्टोबर संपत आलेला. वजन भरलेलं, डोळे स्वच्छ. क्रिएटिनिन १.२. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन ग्रॅम क्रिएटिनिनमागे ८० मिलिग्रॅम, म्हणजे ३० च्या मर्यादेच्या बऱ्यापैकी वर. रक्तदाब १४२/९०. आता ही डायलिसिसपर्यंत गेलेल्या आजाराची खूण, की बीपी आधीपासूनच होतं आणि कुणी मोजलंच नव्हतं? मूळ आकडा नसल्यामुळे सांगता येत नाही. मॅडमनी लोसार्टान या बीपीच्या गोळीचा छोटा डोस सुरू केला, दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा करायला सांगितलं, आणि एका चिठ्ठीवर मराठीत लिहून दिलं: अंगदुखीला पॅरासिटामॉल चालेल, डायक्लोफिनॅक-ब्रुफेन नको, ही चिठ्ठी कुठल्याही डॉक्टरला दाखवा. पुढच्या पावसात पाण्यात उतरावं लागलं तर ७२ तासांच्या आत येऊन लेप्टो टाळण्यासाठीच्या डॉक्सीसायक्लीनबद्दल विचारा, हेही.

“दर वेळी उतरलो की यायचं? मग धंदा कधी करायचा मॅडम?” ते हसत म्हणाले. त्यावर मॅडमकडेही उत्तर नव्हतं. गमबूट घेऊन ठेवा म्हणाल्या.

रेसिडेंटचा प्रस्ताव एथिक्स कमिटीकडे गेला होता. तो एका शेऱ्यासह परत आलाय: ज्या रुग्णांचं आजाराआधीचं क्रिएटिनिन उपलब्ध नाही, त्यांची मूळ पातळी कशी ठरवणार ते स्पष्ट करावं. मॅडमनी त्याला दोन्ही पद्धतींनी हिशेब करायला सांगितलाय, एकदा वयावरून अंदाजाने आणि एकदा तीन महिन्यांनंतरचा आकडाच मूळ धरून. दोन्हींत रुग्ण किती वेगळ्या टप्प्यांत पडतात, तोच त्याच्या प्रबंधाचा पहिला तक्ता असणार आहे.